खेळाचे खाते बंद करताना

(साक्षरता वर्गातील स्त्री-पुरुषांपुढे दिलेले भाषण)



तुम्ही वर्गात येऊ लागलात तेव्हा एसटीची पाटी वाचता यावी, सातबाऱ्यावरचे आपले नाव वाचता यावे, एवढीच तुमची इच्छा होती. आता ते तुम्ही वाचता. आज आपण मोबाइलच्या पडद्यावरचे शब्द वाचणार आहोत. एक शब्द आहे 'अनइंस्टॉल करा'. दुसरा आहे 'खाते हटवा'. दोन्हींत काहीतरी काढून टाकायचे आहे, म्हणून ते एकसारखे वाटतात. पण एकाने काम होते, आणि दुसऱ्याने काम झाल्यासारखे नुसते वाटते.

परवा वर्गातल्या एका मावशींनी विचारले, "गुरुजी, पोराच्या फोनमधला तो लढाईचा खेळ मी स्वतः काढून टाकला. चित्र गेलं. तरी बँकेतून पैसे कापल्याचा मेसेज आला. असं कसं झालं?"

मावशींनी दुकानाकडे जाण्याची वाट बुजवली. दुकानातली वही मात्र तशीच राहिली.

वाण्याकडे आपल्या उधारीची वही असते. महिनाभर आपण त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही, म्हणून वहीतले आपले नाव पुसले जात नाही. मोबाइलवरच्या खेळाचेही तसेच आहे. पहिल्यांदा सुरू करताना खेळ मोबाइल नंबर मागतो, नाहीतर गूगलच्या किंवा फेसबुकच्या नावाने आत घेतो. त्याच घडीला कंपनीच्या दफ्तरात आपल्या नावाचे एक पान उघडते. त्याला खाते म्हणायचे. आपले नाव, नंबर, किती खेळलो, काय विकत घेतले, हे सारे त्या पानावर चढत जाते. फोनवरचे चित्र म्हणजे नुसते दार. दार काढले तरी पान कंपनीकडे राहते. उद्या नवा फोन घेऊन त्याच नंबराने आत शिरलात, तर सगळे जसेच्या तसे समोर उभे राहते.

आणि महिन्याच्या महिन्याला पैसे कापण्याची परवानगी कोणी एकदा दिली असेल, तर ती तिसऱ्याच ठिकाणी असते. ती चित्रात नसते, पुष्कळदा खात्यातही नसते. ती असते यूपीआयच्या ॲपमध्ये, नाहीतर गूगलच्या प्ले स्टोअरमध्ये. मावशींचे पैसे गेले ते या वाटेने. म्हणून खेळ मिटवायचा असेल तर आधी पैशाची वाट बंद करा, मग खाते, आणि चित्र सगळ्यांत शेवटी. पुष्कळ लोक उलट करतात. चित्र आधी काढतात आणि मग खाते हटवण्याचे बटणच सापडत नाही, कारण ते बटण खेळाच्या आतच असते!

पैशाची वाट कशी बंद करायची? घरात फोनपे, गूगल पे, भीम, जे ॲप वापरत असाल ते उघडा. त्यात 'ऑटोपे' हा शब्द शोधा. तिथे कोणाकोणाला आपोआप पैसे कापायची परवानगी दिली आहे, त्याची यादी दिसते. खेळाचे नाव असेल तर त्यावर बोट ठेवून परवानगी रद्द करा. असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना आली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे मेसेज आधी येतो, पैसे नंतर जातात. वाचता येणाऱ्या माणसाला मध्ये एक दिवस मिळतो, तो वाया घालवू नका.

मग प्ले स्टोअर उघडा. वरच्या कोपऱ्यात गोल चित्र असते, त्यावर बोट ठेवा. 'पेमेंट आणि सदस्यत्वे' असे शब्द दिसतील. खेळाचे मासिक सदस्यत्व चालू असेल तर ते तिथून रद्द होते. चित्र काढल्याने सदस्यत्व रद्द होत नाही, हे गूगलनेही सांगून ठेवले आहे. तिथेच एखादे कार्ड नोंदलेले असेल तर तेही काढून टाका. प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागावा, असेही प्ले स्टोअरला सांगून ठेवता येते. बापाच्या फोनवर पोरगा खेळत असेल तर एवढे एक काम आजच रात्री करा. आणि यूपीआयचा पिन पोराला सांगून ठेवला असेल, "जा रे, तेवढं बिल भर" म्हणून, तर तो बदला. फुकट म्हणून आलेल्या खेळात हिरे विकतात, बंदुकीचे रंग विकतात, अंगातले कपडे विकतात. मुलाला तो खेळच वाटतो. तुमच्या खात्यातून मात्र कांद्याचे पैसे जातात.

आता खाते. खेळ उघडा. दातेरी चाकाचे एक चित्र असते, त्याला सेटिंग म्हणतात. त्यात कुठेतरी खाते हटवण्याची ओळ असते. पुष्कळ खेळांत ती मराठीत नसते, इंग्रजीत असते. घरातल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही. ज्या ॲपमध्ये खाते उघडता येते त्या ॲपमध्ये ते हटवण्याचीही सोय हवी, ॲपच्या आतही आणि बाहेर संकेतस्थळावरही, असा नियम गूगलने २०२३ साली जाहीर केला. ॲपलने तसाच नियम आपल्या फोनसाठी २०२२ पासून लागू केला. तेव्हा "आमच्याकडे तशी सोय नाही" असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नका. प्ले स्टोअरमध्ये त्या खेळाच्या पानावर कंपनीचा पत्ता आणि ईमेल दिलेला असतो, तिथे लिहा. लिहिताना थोडेच लिहा: माझे खाते कायमचे हटवा, हा माझा खेळातला क्रमांक, हा मोबाइल नंबर. पडद्याचा फोटो काढून ठेवा.

अर्ज केला की खाते लगेच जाते असे नाही. पुष्कळ कंपन्या काही दिवस थांबतात, काही ठिकाणी ३० दिवसांपर्यंत. माणसाचा विचार बदलला तर त्याला परत येता यावे म्हणून ही मुदत आहे, असे कंपन्या सांगतात. त्यात त्यांचाही फायदा आहेच. या मुदतीत एकदा जरी आत जाऊन बघितले, "खरंच जातंय का" म्हणून, तरी काही ठिकाणी अर्ज आपोआप रद्द होतो आणि खाते पुन्हा जिवंत होते. म्हणून अर्ज केल्यावर चित्र काढून टाका आणि त्या बाजूला फिरकू नका.

कायमचे म्हणजे कायमचे, हेही समजून घ्या. चार वर्षे खेळून मिळवलेली पायरी जाते. विकत घेतलेले हिरे जातात, त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. खेळातले मित्र जातात. आपल्याला हसू येईल, पण मुलाला ते खरे मित्र असतात. काही मुले म्हणतात, "हटवण्यापेक्षा आयडी विकून टाकतो, दोन पैसे तरी येतील." आयडी म्हणजे हेच खाते. ते विकायला बहुतेक कंपन्यांची मनाई असते. शिवाय त्याला आपला नंबर, आपले गूगल जोडलेले. घेणारा पैसे देईलच याची हमी नाही, आणि आपल्या नावाने पुढे तो काय करील याचीही नाही.

एक चूक मात्र फार महागात पडते, म्हणून तिच्याजवळ जरा थांबतो. खेळाचे खाते वेगळे आणि गूगलचे खाते वेगळे. मुलगा खेळात गूगलच्या नावाने शिरलेला असतो. बाप रागाने फोन घेतो, 'खाते हटवा' असे कुठेतरी दिसते, आणि तो गूगलचेच खाते हटवून बसतो. त्यासरशी गूगलवर साठवलेले फोटो गेले, नातेवाइकांचे नंबर गेले, ईमेल गेले. बँकेत, शाळेत, अर्जावर तोच ईमेल दिलेला असतो! हटवल्यावर थोडे दिवस ते परत मिळवण्याची संधी असते, पण ती चुकली तर हात चोळत बसावे लागते. म्हणून बटण दाबण्याआधी ते कोणाचे खाते म्हणते आहे ते अक्षर लावून वाचा. वर खेळाचे नाव आहे की गूगलचे? दोनदा वाचा. तुम्ही वाचायला शिकलात ते याच कामासाठी.

आतापर्यंत बोललो ते फुकट म्हणून येणाऱ्या खेळांबद्दल. दुसरी जात आहे पैसे लावून खेळायच्या खेळांची. रमी, पोकर, क्रिकेटचा संघ लावणे. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना मटका आठवत असेल. १९६० नंतरच्या काळात तो मुंबईतून गावोगाव पसरला. पण मट्क्याचा आकडा लावायला उठून जावे लागे. कोणीतरी बघे, घरी सांगे. फोनवरची रमी गोधडीत पडल्या पडल्या चाले, शेजारी झोपलेल्या बायकोलाही कळत नसे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. खेळ डोक्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैसे बँकांनी फिरवणे, या तिन्हींना त्या कायद्यात मनाई आहे. खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण "पोलीस मलाच धरतील" या भीतीने माणूस घरातही बोलत नाही आणि एकटाच बुडत जातो.

कायदा झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव थांबवले आणि उरलेली शिल्लक काढून घ्यायला सांगितले. डाव थांबला तरी पान आपोआप फाटत नाही. त्या पानावर तुमचा पॅन नंबर असू शकतो, बँकेचा नंबर असू शकतो. ज्याने कधी असा खेळ खेळला असेल त्याने आत जाऊन आधी शिल्लक बँकेत आणावी. मग देण्याघेण्याचा हिशेब उतरवून घ्यावा. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेतून ३० टक्के कर कापला जात असे, आणि त्याची नोंद पॅन नंबरावर होते. उद्या विचारणा झाली तर कागद हाताशी हवा. त्यानंतर खाते हटवण्याचा अर्ज करावा. कायद्याने ठेवाव्या लागणाऱ्या काही नोंदी कंपनी ठेवील, बाकीची माहिती पुसायला तिला सांगता येते.

"तुमचे रमीतले अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त ओटीपी सांगा," असा फोन आला तर तो ठेवून द्या. "आधी थोडी फी भरा" म्हटले तरी ठेवून द्या. फसलाच असाल तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर कळवा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे वाटेत अडवता येण्याची आशा असते. आणि व्हॉट्सॲपवर, टेलिग्रामवर परदेशी खेळांच्या चिठ्ठ्या येतात, त्यांच्याकडे खाते बंद करायला गेलात तर आधार कार्डाचा फोटो मागतील. देऊ नका. अशा ठिकाणी सरळ दार मिळत नाही. त्यांचा नंबर अडवा आणि आपल्या बँकेला सांगा.

आता तुम्ही विचाराल, दर वेळी खाते कायमचेच मिटवायला हवे का? नाही. मला विचाराल तर पैसे लावायच्या खेळाला एकच उपाय आहे, तो म्हणजे कायमचे मिटवणे. तिथे "थोडं कमी करतो" याला अर्थ नाही. पण मुलगा संध्याकाळी तासभर मित्रांशी लढाईचा खेळ खेळत असेल, अभ्यास करत असेल, गोठ्यात हात लावत असेल, तर त्याचे चार वर्षांचे पान फाडून काय मिळवणार? तिथे लहान कडी पुरते.

दहावीची परीक्षा आहे, तीन महिने खेळ नको. तर नुसते चित्र काढा, खाते राहू द्या. त्या वेळी 'अनइंस्टॉल' हेच बरोबर बटण. वेळ आवरायची आहे, तर अँड्रॉइड फोनमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' नावाची सोय असते, तिच्यात एका खेळाला रोज किती मिनिटे ते ठरवता येते. वेळ संपली की खेळ मिटतो. ही कडी कच्ची आहे, कारण ज्याने लावली तोच काढू शकतो. लहान मुलासाठी गूगलचे 'फॅमिली लिंक' आहे. त्यात वेळ आणि खरेदी या दोन्हींची किल्ली आईबापांच्या फोनवर राहते. काही खेळ स्वतःही बंधन घालतात. पबजीवर २०२० साली बंदी आली, त्याच्या जागी २०२१ मध्ये बीजीएमआय आला. तोही मध्ये बंद होऊन २०२३ मध्ये परत आला, तेव्हा १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तास अशी मर्यादा त्यात घातली होती. पण मुलाने वय १९ लिहिले असेल तर मर्यादा काय करणार? तेव्हा खेळात वय काय लिहिले आहे ते एकदा बघा.

पैशाला बांध घालण्याचा एक जुना उपाय मला सगळ्यांत पसंत आहे. बँकेत दोन खाती ठेवा. पिकाचे पैसे एकात. दुसऱ्यात किराण्यापुरते पाचशे-हजार, आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. मग खेळाने कितीही हात मारला तरी धान्याच्या कणगीपर्यंत तो पोचत नाही.

इतर देशांत कसे आहे हेही एक सांगतो. ग्रेट ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगार कायद्याने चालतो. तिथे 'गॅमस्टॉप' नावाची एक यादी आहे. माणसाने आपले नाव आपणहून तिच्यात घातले, की परवाना असलेल्या सगळ्या ऑनलाइन कंपन्यांची दारे त्याला बंद होतात. मुदत ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षे. मार्च २०२० च्या अखेरीपासून या कंपन्यांना त्या यादीत सामील व्हावेच लागते. तिथल्या लोकांना अनुभव आला होता, की एक खाते बंद केले तर माणूस शेजारच्या कंपनीत दुसरे उघडतो. आपल्याकडेही तेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने फ्री फायर बंद केला, पण फ्री फायर मॅक्स चालूच राहिला. पोरे एका ओट्यावरून उठली आणि दुसऱ्यावर बसली.

म्हणून मुलाच्या नकळत त्याचे खाते मिटवू नका. नवे उघडायला त्याला पाच मिनिटे लागतात, आणि त्यानंतर तो ते तुमच्यापासून लपवतो. फोन दगडावर आपटल्यानेही खाते जात नाही, नुसता फोन जातो. त्याला शेजारी बसवा. ऑटोपेची यादी त्याच्याकडूनच वाचून घ्या. वर्षात किती रुपये गेले याची बेरीज दोघांनी मिळून कागदावर करा. बेरीज तुम्हाला येते आता. पुष्कळदा मुलगा स्वतःच म्हणतो, "बाबा, एवढे झाले?" मग बटण त्यालाच दाबू द्या.

आणि खेळणारा मुलगा नसून घरचा कर्ता असेल, तर बाईने काय करावे? हे कोणी मोठ्याने विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. भांडणाने रमी सुटत नाही. बँकेचे पासबुक दोघांनी मिळून वाचायचे, एवढे मागणे धरून बसा. माणूस सोडतो म्हणतो आणि सुटत नाही, झोप उडते, कामावर जात नाही, कर्ज काढतो, तर तो बिघाड नुसता स्वभावाचा समजू नका. खेळ हाताबाहेर जाणे हा आजार असू शकतो, अशी नोंद जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत केली आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. बेंगळुरूच्या निमहान्स रुग्णालयात मोबाइल आणि खेळांच्या सवयीसाठी २०१४ पासून वेगळा दवाखाना आहे. एवढ्या लांब जायची गरज नाही. सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, नंबर १४४१६. दिवसा-रात्री केव्हाही फोन करा, मराठीत बोला, पैसे पडत नाहीत. माणूस स्वतः बोलायला तयार नसेल तर घरच्यांनी केला तरी चालतो.

तो नंबर फळ्यावर लिहिला आहे, वहीत उतरवून घ्या. ज्यांनी फोन आणले आहेत त्यांनी आता पुढे येऊन बसा. आधी ऑटोपेचे पान उघडू. मावशी, तुमच्यापासून सुरुवात करू. चष्मा आणला आहे ना?